निळ्या दगडाचा बघण्याचा कार्यक्रम

आमच्या घरात दोन माणसं दगडांत आहेत. एक माझे बाबा. ते गोरेगावला स्टुडिओत सेट रंगवतात, आणि मालिकेत देऊळ किंवा किल्ला असला की थर्माकोलचे दगड तयार करतात. दुसरी मी. मी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होते. बाबांना दगडांचे पैसे मिळतात, मला दगडांसाठी फी भरावी लागते. हा फरक घरात सगळ्यांना माहीत होता आणि तो कोणी बोलून दाखवत नसे, मोठेबाबा सोडून.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आम्ही मूळचे गोंदियाकडचे, तिकडे थोरल्या काकांना मोठेबाबाच म्हणतात. घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या घरापासून दोन गल्ल्या वर ते राहतात, आणि आमच्या घरातला कुठलाही निर्णय आधी त्यांच्याकडे चढून जातो, मग चहा पिऊन खाली येतो. मी बारावी पास झाले तेव्हा आमच्या घराण्यातलं कॉलेजात जाणारं पहिलं माणूस म्हणून त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. मी भूशास्त्र घेतलंय हे कळल्यावर मात्र त्यांनी आधी दाराबाहेरच्या डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाले, "डोंगरावर राहून दगड शिकायला कॉलेजात काऊन जावं लागते, पोरी?"

 मला भूशास्त्र मिळालं ते रसायनशास्त्राच्या जागा संपल्या म्हणून. पण पहिल्याच प्रॅक्टिकलला बाईंनी माझ्या हातात एक खडा दिला आणि सांगितलं, "आधी नीट बघायचं, बोलायचं नंतर." शाळेत मी गप्प बसते म्हणून शिक्षक रागवायचे. इथे आधी गप्प बसण्याचे मार्क होते. मला विषय आवडला.

शेवटच्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला. मला एम.एस्सी. करायचं होतं. मोठेबाबा भिवंडीच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. त्यांनी तिथल्या ऑफिसात माझ्यासाठी बिलिंगचं काम बघून ठेवलं होतं. एसी ऑफिस, बाजूला लेडीज टॉयलेट, जायला कंपनीची गाडी. त्यांनी हे सगळं माझ्या भल्यासाठीच केलं होतं, त्यामुळे नाही म्हणणं जास्त अवघड होतं. मी "बघते" म्हणाले. आमच्याकडे मुलगी "बघते" म्हणाली की तिचा होकार धरतात.

त्याच सुमारास बाईंनी आम्हाला तांब्याची खनिजं शिकवायला घेतली. एका ट्रेमध्ये हिरवा मॅलाकाइट होता आणि शेजारी ॲझुराइटचा, म्हणजे तांब्याच्या निळ्या खनिजाचा, चण्याएवढा तुकडा. बाई म्हणाल्या, याचा चांगला स्फटिक आपल्याकडे सहसा बघायला मिळत नाही, म्हणून हा हाताळताना जपा. मी जपून हाताळला. हातात घेतल्यावर वाटलं की हा निळा मी पाहिलेला आहे. कुठे, ते आठवेना. घरी येऊन चप्पल काढताना शोकेसकडे नजर गेली आणि आठवलं.

आमच्या शोकेसमध्ये कॅरमच्या स्पर्धेचा कप आणि प्लॅस्टिकचा ताजमहाल यांच्या मध्ये नारळाएवढा एक दगड होता. आजोबा तिकडच्या एका तांब्याच्या खाणीत कामाला होते. त्यांनी तो आणला, त्यांच्या पश्चात तो बाबांकडे आला. वरून तपकिरी, मधे हिरवे डाग, आणि एका बाजूला गडद निळ्या स्फटिकांचा तळहाताएवढा पुंजका. मी लहानपणापासून त्याला "आजोबांचा दगड" एवढंच म्हणत आले होते. दिवाळीच्या साफसफाईत आई त्यावरून कोरडं फडकं फिरवायची. बाकी त्याच्याकडे कोणी लक्ष देत नसे. फक्त बाबा एकदा म्हणाले होते, "हा निळा डब्यात मिळत नाही. मी करून पाहिला."

मी एका रविवारी सगळ्या चाचण्या केल्या. मोरीच्या कामातून उरलेली एक फरशी होती, तिच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगडाचा कोपरा घासला. उमटलेली रेघ फिकट निळी होती. त्या रेघेच्या रंगाला कस म्हणतात आणि खनिज ओळखायला तो वरच्या रंगापेक्षा जास्त भरवशाचा असतो. तांब्याच्या जुन्या पैशाने त्याच कोपऱ्यावर ओरखडा उठला नाही, चाकूने उठला. तेही बरोबर होतं. हिरवे डाग मॅलाकाइटचे असणार, कारण ही दोन खनिजं बहुधा एकत्र सापडतात. राहिली आम्लाची चाचणी. ॲझुराइटवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो, पण थेंब पडतो तिथली चकाकीही जाते. शिवाय कॉलेजातून आम्ल घरी न्यायला परवानगी नव्हती, आणि परवानगी नसलेलं काही मी नेत नाही.

त्यामुळे माझं निदान तीन चतुर्थांश झालं होतं. मी घरच्यांना तसंच सांगितलं. "बहुतेक ॲझुराइट असावा. तांब्याचं खनिज आहे. पण नक्की नाही सांगता येत."

"म्हणजे तांबं?" आई म्हणाली.

"तांबं म्हणजे... त्याच्यात तांबं असतं."

"मग तांबंच ना."

मी हो म्हणाले. पूर्ण सांगायला गेले असते तर कार्बोनेटपासून सुरुवात करावी लागली असती आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.

मोठेबाबांनी फोनवर ॲझुराइट शोधला. त्यात त्यांना एक व्हिडिओ सापडला. एक गोरा माणूस हातमोजे घालून निळा दगड दाखवत होता आणि किंमत सांगत होता. मोठेबाबांनी ती रुपयांत केली, पुन्हा एकदा केली, आणि फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा लावला. "हा त्याचा दगड आहे. आपला आपला आहे," बाबा म्हणाले.

"बरं, असं करू," मोठेबाबा म्हणाले. "कोणी जाणकार माणूस दगड बघून जाऊ दे. चांगली किंमत आली तर पोरगी पुढे शिकेल, दगडाच्या पैशात दगड शिकेल. नाही आली तर परीक्षेनंतरच्या एक तारखेपासून भिवंडी. मंजूर?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी "बघते" म्हणाले.

मी बाईंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, फोटोवरून किंमत सांगणारा माणूस खोटं बोलत असतो, आणि त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा नंबर दिला. ते मुलुंडला राहत. महाराष्ट्रभरच्या खाणींमधून खनिजांचे नमुने घेऊन ते संग्राहकांना आणि म्युझियमना विकायचे. मी फोनवर आजोबांच्या खाणीचं नाव सांगितलं आणि तीनदा सॉरी म्हणाले. ते म्हणाले, रविवारी घाटकोपरला काम आहे, येऊन जाईन. आणि फोन ठेवण्याआधी विचारलं, "दगड धुतलाबितला नाही ना?"

मी म्हणाले, "नाही सर."

तेव्हा ते खरं होतं.

घरी मी सांगितलं, रविवारी एक सर दगड बघायला येणार आहेत. आमच्याकडे "बघायला येणार" या शब्दांनंतर जे होतं ते आपोआप सुरू झालं. आईने पोह्यांसाठी शेंगदाणे आणले. पडदे धुतले. मोठेबाबांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. बाबांना त्या दिवशी दाढी करायला सांगण्यात आलं.

शनिवारी माझं प्रॅक्टिकल होतं. दुपारी घरी आले तर शोकेसमध्ये कप आणि ताजमहाल यांच्यामध्ये जागा रिकामी होती. आई मोरीपाशी बसली होती. समोर पसरट पातेल्यात दगड होता, निळी बाजू खाली. पाण्याला हिरवट निळी झाक आली होती आणि घरभर चिंचेचा वास होता.

"आलीस? बघ किती मळ निघाला," आई म्हणाली. "कोमट पाण्यात चिंच कोळली, वर मूठभर मीठ. मागे तुझ्या मावशीकडचा हंडा असाच काळा पडला होता, काय लख्ख निघाला होता. हा तर आधीपासूनच निळा."

मी दप्तर खाली ठेवलं नाही. "आई, किती वेळ झाला?"

"सकाळचे भांडे झाले तेव्हा टाकला. मधे एकदा घासणीने घासला. बारीक बारीक फेस येत होता गं, खूप. मला वाटलं साबण राहिलाय कुठे."

"फेस?"

"हो ना. दगडातूनच येत होता."

माझी शेवटची चाचणी झाली होती. चिंचेतही आम्लच असतं. दगड ॲझुराइट होता, आता त्यात कसलीही शंका उरली नव्हती.

मी तो बाहेर काढला. जिथे काचेसारखे कोन होते तिथे आता मऊ, पांढुरकी निळी पूड बसल्यासारखी दिसत होती. फळा पुसायचं डस्टर असतं तशी. आईने तो माझ्या हातातून घेतला, टॉवेलने टिपला आणि उजेडात धरला.

"चकचकीत नाही झाला," ती म्हणाली. "अजून एकदा टाकू?"

"नको," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. तिचे हात चिंचेने तांबूस झाले होते आणि नखांत दगडाचा हिरवा रंग गेला होता. ती सकाळपासून उकिडवी बसली होती. मी ठरवलं की उद्या त्या सरांनाच बाजूला घेऊन सांगेन. मी तीन वाक्यं मनात तयार करून ठेवली.

रविवारी सर आले. साठीचे, खांद्याला कापडी पिशवी, चपला दारातच काढल्या. मोठेबाबांनी त्यांना पंख्याखाली बसवलं. पोहे आले. नंतर आईने दगड आणला. स्टीलच्या ताटात, खाली विणलेला रुमाल. ताट तिने टीपॉयवर ठेवलं आणि पदर सारखा केला. मला तयार केलेली वाक्यं म्हणायला कुठेही बाजूला जागा नव्हती. आमचं घर एका खोलीचं आहे.

सरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. दगडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खिशातून भिंग काढलं आणि ते न लावताच हातात धरून बसले.

"याला कोणी धुतलं?" त्यांनी विचारलं.

"मीच," आई म्हणाली. "चिंच-मीठ. तांब्याचा आहे ना."

मोठेबाबा कौतुकाने म्हणाले, "आमच्या सूनबाईचे भांडे बघा तुम्ही कधी. आरशासारखे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.  त्यांनी दोन्ही हातांनी दगड उचलला आणि उलटा केला. पातेलं पसरट असल्यामुळे मागची बाजू पाण्याबाहेर राहिली होती. तिथे तपकिरी भागात एक लहानशी खोबण होती, अंगठा जाईल एवढी. आमच्यापैकी कोणी तिच्यात कधी डोकावून पाहिलं नव्हतं, कारण ती बाजू कायम शोकेसच्या भिंतीकडे असायची. सरांनी तिच्यावर फोनचा टॉर्च पाडला.

आतून निळा उजेड आल्यासारखा दिसला. बारीक, धारदार, काळपट निळे स्फटिक, प्रत्येकाची कड वेगळी. बाबा जागेवरून उठून जवळ आले.

"असा होता," सर म्हणाले. "ती पुढची बाजू सगळी अशी होती. बरोबर?"

मी मान हलवली.

"ॲझुराइटच आहे. आणि आपल्याकडच्या खाणीतून एवढा मोठा पुंजका मी स्वतः दोन-तीनदाच पाहिलाय. बघा, याची किंमत वजनावर नसते. स्फटिकांच्या कडा शाबूत आहेत का, चमक मूळची आहे का, आणि कुठल्या खाणीतून आला ते नक्की माहीत आहे का, यावर असते. तुमच्याकडे तिन्ही होतं."

"होतं म्हणजे?" मोठेबाबांनी विचारलं.

"धुण्याआधी माझ्याकडे आला असता तर मुलीची दोन वर्षांची फी निघाली असती. व्हिडिओतल्यासारखे लाख नाही, पण फी निघाली असती."

"आणि आता?"

"आता कॉलेजात दाखवायला ठीक आहे. पाचशे, सातशे."

 आई उठली. मला वाटलं ती आत जाईल, पण आत जायला आमच्याकडे आत असं काही नाही. ती टीपॉयपाशी आली, सरांच्या हातातला दगड तिने घेतला, आणि एकदा मागची खोबण, एकदा पुढची बाजू, पुन्हा खोबण, असं करून बघितलं. आई भांडी बघते तसंच. कुठे घासलं गेलं आणि कुठे राहिलं हे तिला सांगावं लागत नाही.

"चिंचेने झालं हे," ती म्हणाली.

"ताई, तुमचा दोष नाही," सर म्हणाले. "तांब्याचं भांडं चिंचेने उजळतं, कारण त्याच्यावरचा थर निघून जातो आणि खाली तांबं असतं. इथे तो थर हाच माल होता. खाली तांबं नाही, पुन्हा दगडच आहे."

आईने हे नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"चिंच लावशील हे नव्हतं माहीत."

"आम्लाने जातो, हे?"

"हे माहीत होतं."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"मी... तांबं आहे एवढंच सांगितलं. पुढचं सांगायला वेळ लागला असता."

"शिट्टी झाली होती," बाबा म्हणाले. ते माझी बाजू घेत होते की फक्त आठवण देत होते ते कळलं नाही.

मोठेबाबांनी गुडघ्यांवर हात ठेवले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. व्हिडिओ त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला होता. "जाऊ दे आता. नशीब म्हणायचं," ते म्हणाले. "सर, तुम्ही आलात, उपकार झाले. बोलणं तर ठरलंच होतं. पोरी, मी उद्या गोदामात सांगून टाकतो."

"कशाला?" आई म्हणाली.

"कशाला म्हणजे? किंमत नाही आली."

"कशी येईल? घरात एक अर्धं शिकलेलं माणूस आणि एक बिलकुल न शिकलेलं. अर्ध्याने अर्धं सांगितलं, दुसरीने चिंच कालवली." तिने दगड ताटात ठेवला, खोबणीची बाजू वर करून. "हिला त्याचं नाव माहीत होतं. तो कशाने खराब होतो हेही माहीत होतं. पण आईला कसं सांगायचं ते माहीत नव्हतं. ते कितव्या वर्षाला शिकवतात, सर?"

सरांनी पोह्यांची बशी परत हातात घेतली होती. "अभ्यासक्रमात नाही," ते म्हणाले. "पण एम.एस्सी.ला प्रोजेक्ट असतो. गावोगाव जाऊन लोकांना समजावून सांगावं लागतं. तिथे शिकतात बहुतेक."

"मग तिथपर्यंत जाऊ दे हिला."

"पण पैसे?" मोठेबाबा म्हणाले.

"आम्ही दोघं बघू. मी संध्याकाळची भांड्यांची दोन कामं घेते. तुम्ही नाही म्हणत असाल तर तसं सांगा, पण कारण दगडाचं सांगू नका. दगड माझ्या हातून गेलाय, तो हिच्या नावावर टाकू नका."

आई मोठेबाबांपुढे एवढं सलग कधी बोलत नसे. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा टॉर्च घेऊन खोबणीत बघत होते. "दादा, रंग बघ," एवढंच ते म्हणाले.

मोठेबाबांनी पाहिला. वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, बराच वेळ पाहिला. उठताना त्यांनी कमरेला हात लावला.

"मग मी त्या गोदामवाल्याला काय सांगू?" त्यांनी विचारलं. "तो टेबल रिकामं ठेवून बसलाय."

"सांगा, पोरगी अजून अर्धीच झालीय," आई म्हणाली, आणि सरांच्या बशीत आणखी पोहे वाढले.